सासूबाई, तीन पद्धतींनी

आमच्या भावोजींना रिकामी जागा सहन होत नाही. इतरांना ढेकूण दिसला की जसं होतं, तसं भावोजींना अर्धवट भरलेला डबा दिसला की होतं. फ्रिज उघडून ते बराच वेळ उभे राहतात, मग दोन अर्ध्या वाट्या एका वाटीत ओततात, आणि वर झाकण बसत नाही म्हणून एक घास तिथेच उभ्याउभ्या खाऊन टाकतात. त्यामुळे ताईकडे जेवताना कोबीच्या भाजीत अधूनमधून सफरचंदाची फोड निघते. ताई काही बोलत नाही. ती फोड बाजूला काढून ठेवते आणि भावोजी ती लगेच दुसऱ्या कशात तरी कोंबतात.

ताई माझी थोरली बहीण. मितभाषी हा शब्दसुद्धा तिच्यासाठी लांबलचक आहे. भावोजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे विभागात आहेत. जमिनीखालून कुठला नळ कुठे जातो याचे जुने नकाशे स्कॅन करायचे आणि कॉम्प्युटरमध्ये साठवायचे, हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना सगळे गच्चराव म्हणतात. त्यांच्या टेबलाचा खण उघडायचा तर आधी पाय लावून ओढावा लागतो आणि एकदा उघडला की तो पुन्हा फक्त त्यांनाच बंद करता येतो. एकदा ते आजारी पडले तेव्हा तो खण त्यांची तब्येत सुधारेपर्यंत उघडाच होता, आणि जाणारायेणारा प्रत्येक जण त्याला गुडघा आपटून घेत होता.

मी स्वतः मोटार चालवायला शिकवते. लोकांवर ओरडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तो मी सुट्टीच्या दिवशीही बंद ठेवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर कोणी दचकायला नको.

आणि आमची आई. ती निवृत्त झाल्यापासून ताई-भावोजींकडे राहते. आख्खी नोकरी तिने टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये केली. कानाला यंत्र लावून "थांबा, जोडून देते, जोडून देते, थांबा" असं दिवसभर म्हणायचं. त्या सवयीने ती आजही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते. महत्त्वाची असेल तर तीनदा. आणि आईच्या मते बिनमहत्त्वाची गोष्ट जगात नाही.

तर झालं असं की कचेरीतला सर्व्हर तुडुंब भरला. साहेबांनी भावोजींना बोलावलं आणि म्हणाले, "फाइली दाबून लहान करायची सॉफ्टवेअरं मिळतात म्हणे. दोनतीन घ्या, तुलना करा. वेग किती, दाब किती, बघा. आणि मंगळवारच्या मीटिंगमध्ये मला एका ओळीत सांगा कुठलं घ्यायचं."

लग्न ठरलं तेव्हासुद्धा भावोजींचा चेहरा असा फुलला नव्हता. हे मी नाही, ताईने सांगितलं, आणि ती तेव्हा समोरच बसली होती.

त्यांनी तीन सॉफ्टवेअरं निवडली. त्यांची खरी नावं आकडे आणि टिंबं मिळून झाली होती, म्हणून भावोजींनी बारसं केलं: घाईवालं, मधलं आणि निवांत. घाईवालं फाइल हातात घेतं न घेतं तोच दाबून मोकळं होतं, पण फार काही लहान करत नाही. निवांतला काम दिलं की तुम्ही चहा करून, पिऊन, कप धुऊन या. पण परत याल तेव्हा डोंगराची मूठभर माती झालेली असते.

"हे करतात कसं?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं. पण विचारलं.

"सोपं आहे," भावोजी म्हणाले. "एखादी गोष्ट फाइलमध्ये दुसऱ्यांदा आली की ती पुन्हा लिहायची नाही. तिथे फक्त खूण करायची, मागे अमुक ठिकाणी आहे, तिथे बघा. उघडताना सगळं जसंच्या तसं परत मिळतं, एक अक्षर हरवत नाही. घाईवालं थोडंसंच मागे वळून बघतं. निवांत मात्र खूप मागे जातं. खूप खूप मागे."

"म्हणजे आईसारखं," मी म्हणाले. "आमच्या भांडणात ती थेट माझ्या दुसरीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत जाते."

भावोजी हसले नाहीत. त्यांचे डोळे चमकले. खरं तर तिथेच मला धोका कळायला हवा होता. समोरच्या शिकाऊ माणसाने ब्रेक समजून दुसरंच काही दाबायचं ठरवलंय, हे मला त्याच्या खांद्यावरून कळतं. घरच्या माणसांचं मात्र काही कळत नाही.

त्यांची अडचण अशी होती की नकाशांवर चाचणी कचेरीत होऊन गेली होती, पण मजकुरावर राहिली होती. कचेरीतल्या तक्रारींच्या फाइली घरी न्यायला बंदी. आणि शनिवार-रविवार गप्प बसून काढणं भावोजींच्या कुवतीबाहेरचं. घरात भरपूर, खराखुरा, माणसांनी लिहिलेला मजकूर कुठे मिळेल? उत्तर त्यांच्या खिशातच होतं. आमच्या घरच्या चौघांचा फोनवर ग्रुप आहे, त्याचं नाव 'आपण'. भावोजींनी त्या ग्रुपवरचा सगळा संवाद उतरवून घेतला, फोटो वगळले, कारण फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांना पुन्हा दाबून काही निघत नाही. मग प्रत्येकाचं बोलणं वेगळं केलं, प्रत्येकाची एकेक फाइल केली आणि तिन्ही सॉफ्टवेअरांतून काढली.

इथवर सगळं ठीक होतं. शहाण्या माणसाने निकाल बघितला असता, मनात हसला असता आणि फाइली पुसून टाकल्या असत्या. भावोजींनी निकालाचा सुबक तक्ता केला, त्याला निळी चौकट काढली आणि रविवारी दुपारी तो पाठवला. कुठे? त्याच ग्रुपवर. वर लिहिलं, "घरच्यांसाठी मुद्दाम."

माझ्या नावापुढे होतं: शंभराचे सत्तेचाळीस उरतात, शिव्यांमध्ये विविधता असल्याने. हे मला पटलं. ताईच्या नावापुढे होतं: शंभराचे एकशे बारा. म्हणजे ताईची फाइल दाबायला गेलं तर उलट वाढली होती. 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढाच माल. आणि दाबलेल्या फाइलला वरून वेष्टण लागतं, ते मालापेक्षा जड झालं. भावोजींनी खाली टीप दिली होती, "हिला दाबता येत नाही. प्रयत्न केल्यास वाढते."

ताईने त्यावर उत्तर दिलं, "हो."

आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत, आई. शंभराचे नऊ. शेजारी शेरा: "उत्कृष्ट नमुना. तिन्ही सॉफ्टवेअरांत प्रथम."

पुढच्या मिनिटाला माझा फोन वाजला.

"तू वाचलंस का? वाचलंस का तू ते?" आई.

"वाचलं."

"नऊ म्हणे. मी नऊ. शंभरातली मी नऊच उरते. बाकीची मी गेली कुठे? म्हणजे मी एक्क्याण्णव वेळा फुकट तोंड वाजवते, असंच ना? असंच झालं ना ते?"

मला हसू आलं. फोनवर हसू आलं की आईला ते हसण्याच्या आधी ऐकू जातं.

"हस," ती म्हणाली. "हस, हस. मी या घरात एक दिवस राहणार नाही. मी तुझ्याकडे येते. आजच येते. गाडी घेऊन ये मला न्यायला, गाडी घेऊन ये."

माझं हसू जिथल्या तिथे विझलं.

माझं घर समजून घ्या. टायरच्या दुकानावर एक खोली. पलंग भिंतीतून खाली येतो. पलंग खाली आणायचा तर टेबल मिटावं लागतं, कपाट उघडायचं तर पलंग वर करावा लागतो, आणि कपाट उघडं असताना घरात दुसरं माणूस असेल तर त्याने न्हाणीघरात उभं राहायचं. मागे एकदा आई आठवडाभर राहायला आली होती. तिने पहिल्याच दिवशी माझा गॅस दुसऱ्या भिंतीला सरकवला आणि प्रत्येक डबा कुठे ठेवलाय ते मला दोनदा सांगितलं, तरी मला शेवटपर्यंत एकही सापडला नाही. आईवर माझा जीव आहे, अगदी खराखुरा आहे. पण तो दोन बस-थांब्यांच्या अंतरावरून उत्तम चालतो. एका खोलीत आम्ही दोघी राहिलो तर महिन्याभरात एकीला खालच्या टायरवाल्याकडे आश्रय मागावा लागेल, आणि ती मीच असेन.

मी शिकवायची गाडी काढली आणि निघाले. चार वाजता माझा एक दंतवैद्य विद्यार्थी होता, परीक्षेत वारंवार नापास झालेला आणि त्यामुळे वेळेचा फार पक्का. त्याआधी हे प्रकरण मिटवून परत यायचं होतं.

घरात शिरले तर आई कोचावर हाताची घडी घालून बसलेली, आणि भावोजी समोर उभे राहून आगीत तेल ओतत होते.

"आई, अहो, ही स्तुती आहे! तुमच्याइतकं सुंदर कोणीच दाबलं जात नाही."

"ऐक," आई मला म्हणाली. "ऐकलंस? ऐकलंस हे?"

"नऊ म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, आई. कचेरीतली एकही फाइल नऊवर आली नाही. छापील अर्जसुद्धा नाहीत!"

"अर्ज!" आईचा आवाज टिपेला गेला. "मी अर्जापेक्षा कंटाळवाणी! अहो जावईबापू, मी दोनदा बोलते ती हौसेने नाही बोलत. लाइनवर खरखर असायची. एकदा सांगितलेलं पलीकडे पोचायचं नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागायचं. आणि या घरात काय खरखर कमी आहे? ही एक गाडीच्या हॉर्नसारखी बोलते, ती एक बोलतच नाही, आणि तुम्ही फ्रिजमध्ये डोकं घालून उभे असता. कोण ऐकतं एकदा सांगून?"

ताईने उठून फ्रिजचं दार नीट लावून टाकलं.

"माझी बॅग काढा माळ्यावरून," आई म्हणाली. "काढा बॅग. आणि भरायला तुम्हीच या. दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

म्हणजे बघा. ज्या माणसावर रुसून घर सोडायचं, बॅग त्याच माणसाने भरायची. आमच्या घराण्यात राग असाच असतो, सोयीसवलतींसकट.

भावोजींनी मुकाट्याने बॅग काढली, पुसली आणि आईच्या खोलीत पलंगावर उघडली. मी घड्याळाकडे बघत दारात उभी राहिले. त्यांनी आधी सगळे कपडे आत टाकले आणि झाकण लावलं. चेन अर्ध्यात अडकली. मग ते बॅगेवर बसले. मग मी बसले. मग आम्ही दोघं बसलो आणि ताईने चेन ओढली, पण ती तसूभर हलली नाही.

"ही झाली घाईवाली," भावोजी म्हणाले आणि सगळं पुन्हा बाहेर काढलं.

दुसऱ्यांदा घड्या घालून भरलं. बॅग बंद झाली, पोट सुटल्यासारखी दिसत होती खरी, पण बंद झाली. फक्त एक चप्पल बाहेर राहिली.

"चालेल," आई म्हणाली. "चालेल, चालेल. चप्पल मी हातात घेते."

"छे!" भावोजी म्हणाले. "चप्पल बाहेर ठेवून कसं चालेल? एक वस्तू सुटली तरी पद्धत नापास." आणि फर्रकन चेन उघडली.

माझा फोन वाजला. दंतवैद्य. मी म्हणाले, थोडा उशीर होतोय, गाडीत बसल्यासारखं डोळ्यांसमोर आणा आणि गिअरचा सराव करा.

मग सुरू झाली निवांत पद्धत. प्रत्येक कपडा पलंगावर सपाट पसरायचा, तळहाताने हवा काढायची, आणि मग त्याची सुरळी करायची. मोजे चपलेत, त्या मोज्यात गोळ्यांची बाटली, चष्म्याचं घर टोपीत. एकेक वस्तू हातात घेऊन भावोजी विचारत, "आई, हा करडा स्वेटर आणि तो करडा स्वेटर, एकसारखेच आहेत. दोन्ही हवेत?" आणि आई सांगे की ते एकसारखे मुळीच नाहीत, हा एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीने विणलेला आणि त्या मैत्रिणीने तो आधी स्वतःच्या नवऱ्यासाठी विणायला घेतला होता, पण मधेच नवरा जाड झाला. ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली आहे. भावोजींनी तर त्याहून जास्त, कारण ते तिच्यासोबत राहतात. पण सुरळी हातात धरून ते म्हणाले, "मग पुढे?" आणि आईने पुढचं सांगितलं. दोनदा.

बॅग तीन चतुर्थांश भरली आणि एक रुमाल सापडेना. तो तळाशी गेला असेल, असं भावोजींना वाटलं. म्हणून सगळं पुन्हा बाहेर. रुमाल त्यांच्याच खांद्यावर होता. त्यांनी पुन्हा तळापासून भरायला घेतलं. आई पाणी प्यायला आत गेली.

इथे माझा बांध फुटला.

"भावोजी!" मी ओरडले. "मंगळवारी साहेबांना कुठलं सॉफ्टवेअर सांगणार आहात?"

"घाईवालं," ते म्हणाले. जराही न थांबता.

मी उडालेच. "घाईवालं? निवांत सगळ्यात लहान करतं ना?"

"करतं. पण आपल्याकडे जुना नकाशा कधी मागतात? नळ फुटला की. लोक रस्त्यात गुडघाभर पाण्यात उभे असतात आणि खड्डा कुठे खणायचा ते कोणाला माहीत नसतं. तेव्हा फाइल पटकन पोचली पाहिजे. जागा थोडी जास्त गेली तरी चालेल. कचेरीत वेग महत्त्वाचा."

"मग इथे ही निवांत पद्धत कशाला? माझा दंतवैद्य हवेत गिअर टाकतोय!"

भावोजी मोज्याची सुरळी करत राहिले. ती झाली, तर उलगडून पुन्हा करू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

"तिथे फाइल पोचवायची असते," ते खाली बघून म्हणाले. "इथे पोचवायची नाहीये. आई गेल्या तर मला करमणार नाही."

मी घड्याळाकडे बघणं थांबवलं आणि दुसरा मोजा उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय म्हणालात?"

"काही नाही, आई."

"नाही कसं? काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, पुढे चला. "म्हटलं, तुम्ही गेलात तर मला करमणार नाही."

"ऐकू आलं नाही," आई. "नळ चालू आहे. परत सांगा."

नळ बंद होता. मला दारातून दिसत होता.

भावोजी मोजा हातात घेऊन खोलीच्या दारापर्यंत आले आणि मोठ्याने म्हणाले, "आई, तुम्ही गेलात तर मला करमणार नाही!"

"पुन्हा एकदा?"

ही बाई एक्स्चेंजमध्ये एका वेळी तीन लाइनी ऐकायची. लहानपणी मी पांघरुणात तोंड घालून पुटपुटले तरी दुसऱ्या खोलीतून उत्तर यायचं. तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. तिला ते पुन्हा हवं होतं, एवढंच. मला तेव्हा तिची इतकी माया वाटली की स्वतःवरच चिडून मी दाराला पाठ टेकली.

भावोजींनी पुन्हा सांगितलं. शब्दन्‌शब्द तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग आणखी एकदा. शेवटी ताईनेच तिच्या आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं, "आई, पुरे आता, त्यांचा घसा बसेल आणि मलाच काढा करावा लागेल."

एखादा पदार्थ चाखून झाल्यासारखं तोंड पुसत आई खोलीत आली. "बॅग भरून झाली का?"

"अजून नाही," भावोजी म्हणाले.

"मग राहू द्या. गारवा वाटतोय मला. तो करडा स्वेटर द्या बाहेर काढून, तो करडा. मैत्रिणीने विणलेला."

"तो तळाशी आहे."

"तळाशी कशाला ठेवलात? आज घालायची वस्तू कोणी तळाशी ठेवतं का? ठेवतं का कोणी?"

आणि भावोजी, ज्यांनी ती बॅग तीनदा रिकामी केली होती, चौथ्यांदा रिकामी करू लागले, आणि इतक्या घाईने की मोजे पंख्यापर्यंत उडाले.

मी निघाले. दंतवैद्याने सराव फारच मनावर घेतला होता. आल्या आल्या त्याने गाडी उलटी काढून टायरवाल्याच्या फळीला ठोकली. ते मिटवून, ओरडून, पुन्हा ओरडून मी वर माझ्या खोलीत आले, टेबल मिटलं, पलंग पाडला आणि त्याच्यावर आडवी झाले. खोली केवढी मोठी वाटत होती.

फोन वाजला. ग्रुपवर आई: "पोचलीस का? पोचलीस का ते कळव."

एरवी मी नुसता अंगठा पाठवते. आज लिहिलं, "पोचले." मग जरा विचार केला आणि खाली पुन्हा लिहिलं, "पोचले."

भावोजींचं उत्तर लगेच आलं. "छान केलंस. दुसऱ्या 'पोचले'ला काही जागा लागत नाही."